कुमार गंधर्व : मौनातून उमललेले गाणे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कुमार गंधर्वांसारख्या थोर गायकाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. मला राग ओळखता येत नाहीत. ताल म्हणाल तर भजनातल्या टाळांपुरता कळतो. आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीत आहे. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. तोवर मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा मुलीने शास्त्रीय संगीतावर लिहावे याचे कुणालाही नवल वाटेल. मलाही वाटते. पण हा लेख मी संगीताची जाणकार म्हणून लिहीत नाही, प्रेक्षक म्हणून लिहीत आहे. प्रेक्षक म्हणून मात्र माझा अनुभव दांडगा आहे!

कारण मी दूरदर्शन संचासमोरच वाढले. आईवडील कारखान्यावर असले की संध्याकाळ खायला उठते. आजी लवकर भाकरी उरकायची आणि आम्ही तिघे मालिका पाहत बसायचो. वीज गेली तर उरलेली गोष्ट आजी स्वतःच रचून सांगायची. २०१२ साली 'उंच माझा झोका' ही रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची मालिका लागे. तेव्हा मी अगदी लहान होते, पण एवढे आठवते की, छोटी रमा अक्षरे गिरवू लागली की आजी पुढे सरकून बसायची. तिला स्वतःला अक्षर येत नाही. मला शाळेतून कधीच काढायचे नाही, हे तिने त्याच दिवसांत ठरवले असावे असे मला पुष्कळदा वाटते. तेव्हा मालिका म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे कुणी म्हणाले तर मला ते पटत नाही.

पुढे शाळेतल्या एका शिक्षकांच्या तोंडून 'स्वामी' या जुन्या मालिकेचे नाव ऐकले. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरून गजानन जागीरदारांनी केलेली ही मालिका १९८७ साली दूरदर्शनवर आली होती. तीत रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले होते आणि मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. मी तिचे भाग मोबाईलवर मिळतील तसे पाहिले. पराक्रमी, करारी असा तो तरुण पेशवा क्षयाने झिजत जातो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचे देहावसान होते आणि रमाबाई सती जातात. हे पाहून मी पोटभर रडले. आजीही रडली. क्षय म्हणजे मरण, हे समीकरण तेव्हा आमच्या मनात पक्के बसले.

आणि मी अकरावीत असताना तोच आजार आमच्या घरी आला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. फडावर असतानाच त्यांना खोकला लागला होता. थंडी, धूळ, पाचटाचा धूर यांचा असेल म्हणून कुणी मनावर घेतले नाही. संध्याकाळी अंग तापायचे, वजन उतरत चालले होते. गावी परतल्यावर थुंकीची तपासणी झाली आणि निदान कळले. आजीने कपाळाला हात लावला. तिच्या डोळ्यांपुढे थेऊरचा पेशवा उभा होता हे मला ठाऊक होते. पण अडीचशे वर्षांत जग पुष्कळ पुढे गेले आहे. सरकारी औषधे फुकट मिळाली. दादांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही आणि ते बरे झाले.

बरे झाले खरे, पण गायचे थांबले. दादा आमच्या भजनी मंडळात अभंग म्हणत. सप्ताहात त्यांचा आवाज लागला की माणसे ओट्यावरून उठून देवळात येत. आजारानंतर त्यांनी टाळ खुंटीला अडकवून ठेवले ते ठेवलेच. गाण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण दम लागेल, खोकला उलटेल, ही धास्ती मनातून जाईना. शिवाय आजारपणात काही जणांनी त्यांचा चहाचा पेला वेगळा ठेवला होता. तो त्यांच्या मनातून अजून वेगळा झालेला नव्हता.

अशा मनःस्थितीत मी महाविद्यालयात आले. पहिल्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी एका दुपारी वर्गातच 'हंस अकेला' हा अनुबोधपट दाखविला. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' असे चित्रपट करणाऱ्या डॉ. जब्बार पटेल यांनी तो फिल्म्स डिव्हिजनसाठी २००५ साली तयार केला. विषय होता पंडित कुमार गंधर्व. खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे मी कंटाळले. प्रसंग नाहीत, भांडण नाही, पार्श्वसंगीताचा धडाका नाही. माणसे शांतपणे बोलतात आणि मध्येच गाणे सुरू होते. मग क्षय हा शब्द कानी पडला आणि मी ताठ बसले. तेव्हापासून या माणसाविषयी जे मिळेल ते मी वाचत आणि ऐकत आले आहे. त्यातून मला समजलेले त्यांचे जीवन मी येथे सांगणार आहे.

कुमार गंधर्वांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या खेड्यात झाला. घर कानडी, लिंगायत. वडील स्वतः गात. मुलाने लहानपणी गाण्याचे काही शिक्षण घेतले होते असे नाही, पण एके दिवशी तो अचानक गाऊ लागला. ग्रामोफोनच्या तबकडीवर मोठमोठ्या गवयांचे जे गाणे ऐकावे ते जसेच्या तसे, हरकतींसकट म्हणून दाखवू लागला. लोक थक्क झाले. एका मठाच्या स्वामींनी कौतुकाने त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. गावोगाव त्याचे जलसे होऊ लागले. दहा वर्षांचाही नसलेला पोर मोठ्यांच्या चिजा गातो म्हटल्यावर गर्दीला काय तोटा!

मालिकेत हा भाग फार रंगला असता. बालवयातला चमत्कार, टाळ्यांचा कडकडाट, आईच्या डोळ्यांत पाणी! पण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. या मुलाच्या गळ्यात सगळ्यांची गाणी होती, त्याचे स्वतःचे मात्र एकही नव्हते. तबकडीसारखे गाणे ही मोठी करामत खरी, पण तबकडीला स्वतःचे म्हणणे नसते. हे त्या मुलाला पुढे उमगले आणि तेथूनच त्याचे खरे चरित्र सुरू होते, असे मला वाटते.

१९३६ साली मुंबईच्या एका संगीत परिषदेत हा मुलगा गायला. मोठमोठे गवई समोर बसले होते आणि साऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर वडिलांनी त्याला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या हाती सोपविले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांचे संगीत विद्यालय होते. त्या काळी घराण्यांच्या भिंती फार उंच होत्या. आपल्या घराण्याबाहेरचे गाणे ऐकणेही काही गवयांना चालत नसे. देवधर मास्तरांचा स्वभाव याच्या अगदी उलट. वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळविल्या आणि शिष्यांचे कान चहूबाजूंनी उघडे ठेवले. तेथे कुमारांनी दहाएक वर्षे काढली. अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या थोर गायिकेचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे त्याच विद्यालयात ते शिकवू लागले. नक्कल मागे पडून विचार सुरू झाला. विशीत असतानाच त्यांचे नाव देशभर पोहोचले.

१९४७ साली त्यांचा विवाह भानुमतीबाईंशी झाला. त्या देवधरांच्या विद्यालयातल्याच, सुविद्य आणि गाणे जाणणाऱ्या. वय तेवीस, कीर्ती उंबरठ्यावर उभी, नवा संसार. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना क्षयाने गाठले.

त्या काळी या रोगावरचे खात्रीचे औषध आपल्याकडे सहज मिळत नव्हते. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच काय तो उपाय. मुंबईची दमट हवा सोडणे भाग होते. माळव्याची हवा चांगली म्हणून १९४८च्या जानेवारीत कुमार गंधर्व पत्नीसह देवासला आले. देवास म्हणजे इंदूरजवळचे लहानसे गाव. तेथे मराठा पवार घराण्याच्या दोन पात्या राज्य करीत. एका गावात दोन राजे! गावाला लागून देवीची टेकडी आहे आणि त्या टेकडीवर चामुंडेबरोबर तुळजाभवानीचेही ठाणे आहे. नवरात्रात अनवाणी तुळजापूरला चालत जाणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला हे वाचून देवास एकदम जवळचे वाटेल, मलाही वाटले.

तेथे हा गवई अंथरुणाला खिळला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. ज्याला बोलताना धाप लागते त्याने तान कशी घ्यावी? पाच-सहा वर्षे असा काळ गेला. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले आणि शुश्रूषा केली. मुंबईच्या संगीतसृष्टीत नवे गायक पुढे येत होते. कुमार गंधर्व संपले, असेच अनेकांनी धरले असणार.

वाचकहो, माझ्या या लेखाचा गाभा ही पाच-सहा वर्षेच आहेत. मालिकेला हा काळ परवडत नाही. ती फार तर दोन भागांत खोकला, रक्ताचा डाग असलेला रुमाल, देवापुढचा थरथरता दिवा दाखवील आणि मग काही वर्षांनंतर अशी पाटी झळकवून पुढे जाईल. कारण त्या काळात दाखविण्यासारखे काही घडलेच नाही. एक माणूस खाटेवर पडून होता. पण घडले नाही असे आपण म्हणतो तेव्हा ते फक्त डोळ्यांच्या हिशेबाने म्हणतो. कानांच्या हिशेबाने त्या खाटेवर फार मोठी गोष्ट घडत होती.

गाणे बंद होते, ऐकणे बंद नव्हते. खिडकीतून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी आत येत. लग्नाची, बाळंतपणाची, पावसाची, सणावारांची. भिक्षा मागत फिरणारे जोगी एकतारीवर कबीराची निर्गुणी भजने म्हणत जात. ज्याच्या कानांनी आजवर मैफली आणि परिषदाच ऐकल्या होत्या त्याला हे गाणे नवे होते. चार-पाच स्वरांत फिरणारी साधी चाल, पण ती पुन्हा पुन्हा ऐकली की तिच्यात एखाद्या रागाचे बीज दिसे. मोठे राग मुळात अशा चालींतूनच निघाले असले पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात रुजला. त्यांनी लोकगीतांच्या चाली टिपून ठेवल्या, त्यांचा अभ्यास केला आणि पुढे त्यांतून नवे राग बांधले. या रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटले, म्हणजे धुनेतून उगवलेले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतली काही नावे.

हे मी वाचले तेव्हा मला आजी आठवली. तिच्या तरुणपणी घरात जाते होते आणि पहाटेच्या दळणाबरोबर ओव्या होत्या. आता गिरणी आली, जाते गोठ्यात पडले, पण ओव्या तिच्या तोंडात आहेत. शहरात शिकायला आल्यावर आपल्या घरातले बोलणे, गाणे, खाणे हे सारे गावंढळ आहे असे आमच्यासारख्या मुलांना वाटू लागते. आजीची ओवी मैत्रिणींसमोर म्हणायला मी लाजले असते. आणि येथे एवढा मोठा गवई खाटेवर पडून तशाच बायांच्या गाण्यापुढे शिष्य होऊन बसला होता. ज्या गाण्याला दरबारात जागा नव्हती त्याला त्याने रागाचे मूळ मानले. या एका गोष्टीसाठी मी त्यांची आजन्म ऋणी राहीन.

तिकडे जगात दुसरी एक गोष्ट घडली होती. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या सूक्ष्मजंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन हे औषध सापडले. क्षयावर खऱ्या अर्थाने लागू पडलेले ते पहिले औषध. ते कुमार गंधर्वांपर्यंत पोहोचायला काही वर्षे लागली, पण पोहोचले. १९५२-५३च्या सुमारास ते हिंडूफिरू लागले आणि पुन्हा गाऊ लागले. माधवराव पेशव्यांच्या वाट्याला हे औषध आले असते तर महाराष्ट्राचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, असा प्रश्न माझ्या मनात येतो. कुमारांना बरे केले ते औषधाने आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने. ते केवळ जिद्दीने बरे झाले असे म्हणणे चुकीचे आहे, आणि आजाऱ्यावर अन्याय करणारेही आहे. जिद्द असलेलेही पुष्कळ जण औषधावाचून गेले. जिद्दीचे काम औषधानंतर सुरू होते, जे दादांच्या बाबतीत अडून राहिले होते.

आता जे गाणे बाहेर आले ते मुंबईतल्या त्या तरुणाचे राहिले नव्हते. लहान लहान स्वरसमूह, विजेसारखी चमकून जाणारी तान, मध्येच शांतता, मग एखादा स्वर असा लागावा की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. एका फुप्फुसामुळे दम पुरत नव्हता म्हणून त्यांनी असे गाणे घडविले, असे काही जण म्हणतात. हा त्यांच्या सौंदर्यविचाराचा भाग होता, असे दुसरे म्हणतात. या वादात बोलण्याइतकी माझी समज नाही. मला एवढेच वाटते की, तोकडा दम हा नाइलाज असला तरी त्या दमात काय बसवायचे ही निवड त्यांची होती. पाणी थोडे असले की आमच्या भागातला शेतकरी ते कोणत्या पिकाला द्यायचे याचा विचार जास्त करतो, तसेच काहीसे हे असावे.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. कोणत्याच घराण्याच्या चौकटीत हे गाणे बसत नाही, हे कसले ख्यालगायन, असे जुने जाणकार विचारीत. तर पु. ल. देशपांड्यांसारखे रसिक त्यांच्यावर जीव टाकीत. कुमार गंधर्व कुणाशी भांडत बसले नाहीत. १९६५ साली त्यांनी 'अनुपरागविलास' या ग्रंथात आपल्या बंदिशी प्रसिद्ध केल्या. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत' असे ऋतूंचे कार्यक्रम केले. माळव्याच्या लोकगीतांची स्वतंत्र मैफल मांडली. कबीर, सूरदास, मीरा, तुलसीदास आणि आपले तुकाराम महाराज यांची पदे विचारपूर्वक निवडून गायिली. भा. रा. तांबे यांच्या कवितांना चाली दिल्या. बालगंधर्वांचे गाणे आपल्याला कसे उमगले, हेही एका कार्यक्रमातून गाऊन दाखविले. लहानपणी हुबेहूब नक्कल करणारा हा माणूस आता बालगंधर्वांची नक्कल न करता त्यांचा अर्थ सांगत होता. केवढा हा प्रवास! १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांनी गांधी मल्हार हा राग बांधला.

मधल्या काळात नियतीने आणखी एक घाव घातला होता. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. आजारातून ज्यांनी त्यांना ओढून आणले त्याच गेल्या. पुढे १९६२ साली त्यांच्या शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मैफलीत त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या आणि साथ करणाऱ्या वसुंधराबाई स्वतःही नामवंत गायिका होत्या. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि कन्या कलापिनी कोमकली हेही पुढे गायक म्हणून प्रसिद्धीस आले. १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण असे सन्मान कुमारांना लाभले. पण ते मुंबई-पुण्याला परतले नाहीत. ज्या गावाने आजारपणात थारा दिला, गाणे दिले, तेथेच टेकडीच्या पायथ्याशी घर बांधून राहिले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या घराचे नाव भानुकुल.

'हंस अकेला' त्यानंतर तेरा वर्षांनी झाला. पुढे शबनम विरमाणी यांनी २००८ साली केलेला 'कोई सुनता है' हा अनुबोधपटही मी पाहिला. त्यात कुमार गंधर्वांचा कबीर आणि खेड्यापाड्यांतल्या लोकगायकांचा कबीर शेजारी शेजारी येतात. ज्यांच्याकडून कुमारांनी घेतले त्यांच्या परंपरेलाही त्यात बोलायला मिळाले, हे मला फार आवडले.

मग मालिका आणि अनुबोधपट यांत श्रेष्ठ कोण? पूर्वी मी या प्रश्नाला सोपे उत्तर दिले असते. आता वाटते, दोघांची कामे वेगळी आहेत. मालिका म्हणते, पुढे काय होणार ते पाहा. अनुबोधपट म्हणतो, हे असे का झाले ते ऐका. 'स्वामी'ने मला मरण दाखवून रडविले. 'हंस अकेला'ने मला रडविले नाही, पण आजारी माणसाच्या खाटेजवळ बसून त्याला काय ऐकू येत असेल याचा विचार करायला लावला. आमच्या घरी दादा सहा महिने खाटेवर होते तेव्हा आम्ही त्यांना औषध दिले, अंडी दिली, दूध दिले. त्यांच्या कानांना काय हवे, हे कुणीच विचारले नव्हते.

तरीही मालिकेची मी एक बाजू घेईन. अनुबोधपटाला जे टिपलेले असते, जे आठवून सांगितलेले असते, त्याच्यावरच उभे राहावे लागते. त्या पाच-सहा वर्षांत सकाळी उठून स्वयंपाक करून, आजाऱ्याला औषध देऊन शाळेत शिकवायला जाणाऱ्या आणि परत येऊन पुन्हा उशाशी बसणाऱ्या भानुमतीबाईंचे दिवस कुणी टिपले? त्यांचे स्वतःचे गाणे कुठे राहिले? येथे नाट्य हवे, कल्पना हवी. मालिका लिहिण्याची संधी मला कधी मिळाली तर मी ती कुमार गंधर्वांवर लिहिणार नाही, भानुमतीबाईंवर लिहीन. फडावर तापलेल्या दादांच्या वाटच्या मोळ्याही स्वतः डोक्यावर वाहणारी माझी आई मी पाहिली आहे. त्यामुळे ती मालिका मला लिहिता येईल, असा थोडा विश्वासही वाटतो.

आता शेवटचे सांगते. गेल्या उन्हाळ्यात आईदादा गावी परतल्यावर मी एका रात्री अंगणात मोबाईलवर कुमार गंधर्वांचे तुकारामांचे अभंग लावले. आधी काही सांगितले नाही. दादा बाजेवर पडून होते. चाल त्यांच्या ओळखीची नव्हती. आमच्याकडे अभंग असा म्हणत नाहीत, हे त्यांनी लगेच बोलून दाखविले. मग गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांची बोटे बाजेच्या गाताड्यावर ठेका धरू लागली. अभंग संपल्यावर मी सांगितले की, या गायकाला क्षय झाला होता, पाच-सहा वर्षे गाणे बंद होते, आणि हे गाणे त्याच्या नंतरचे आहे. दादांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग पुन्हा लाव म्हणाले.

कुमार गंधर्वांचे गाणे ऐकून दादा लगेच उठून गाऊ लागले असे लिहिले तर हा लेख मालिकेच्या शेवटच्या भागासारखा होईल. तसे काही झाले नाही. पण यंदाच्या सप्ताहात त्यांनी खुंटीवरचे टाळ काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि भजनाला अगदी मागच्या ओळीत जाऊन बसले. तोंडाने काही म्हटले नाही, रात्रभर फक्त टाळ वाजविले. चहा आला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्यातलाच एक पेला उचलला. आजीने माझ्याकडे पाहिले आणि मी तिच्याकडे.

गाणे आज ना उद्या येईल. ऐकणे तर सुरू झाले आहे.